शेतकऱ्याच्या पिढ्या आणि मराठी पडदा

रशियन दिग्दर्शक आंद्रेई कोंचालोव्स्की यांचा 'सिबिरियाद' हा चित्रपट १९७९ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आला व परीक्षकमंडळाचें विशेष पारितोषिक त्यास मिळालें. सुमारें साडेचार तास चालणारा असा हा चित्रपट आहे. सैबेरियाच्या दाट अरण्यांत एलान नांवाचें एक खेडें आणि त्या खेड्यांतील दोन घरें. एक उस्त्युझानिन मंडळींचें, दरिद्री आणि हट्टी. दुसरें सोलोमिन मंडळींचें, खाऊनपिऊन सुखी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९६० नंतरच्या दशकापर्यंत या दोन घरांचें प्रेम, वैर आणि सूड यांची कथा चालते. झारशाही जाते, क्रांति येते, युद्धें होतात. पण या सर्वांच्या बातम्या एलानला उशिरां आणि अर्ध्यामुर्ध्या पोंचतात. पहिल्या पिढींतील बाप रानांतून एक सरळ रस्ता तोडीत असतो. तो कोणाकरितां, हें त्याचें त्यालाच ठाऊक. त्याचा नातू त्याच रानांत तेलाकरितां जमीन खणावयास परत येतो. मध्यंतरीं सारें गांव धरणाच्या पाण्याखालीं घालण्याचा बेत शिजत असतो. तेल सांपडतें, म्हणून धरण टळतें; पण तेलाबरोबर आगहि येते, आणि त्या आगींतून दुसऱ्यास वांचवितांना नातू मरतो.

हा चित्रपट पाहून उठणाऱ्या मराठी माणसाच्या मनांत एक प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं. आपला देश शेतकऱ्यांचा. आपल्या साहित्यांत आणि व्याख्यानांत 'बळिराजा' हा शब्द ऊठसूट येतो. मग एका शेतकरी घराण्याच्या तीन-चार पिढ्या एका दमांत दाखविणारा चित्रपट आपल्याकडे कां झाला नाहीं? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याला 'आपल्याकडे कांहींच नाहीं' असें जें ठराविक उत्तर देण्यांत येतें, तें आम्हांस मान्य नाहीं. अशा चित्रपटाचे दोन अर्धे भाग आपल्याकडे त्या रशियन चित्रपटाच्या कितीतरी आधीं तयार झाले होते. एक कोल्हापुरांत १९२५ सालीं आणि दुसरा पुण्यांत १९४१ सालीं. ते एकमेकांस जोडले गेले नाहींत, एवढेंच.

पहिला म्हणजे बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश'. बाबूरावांचें मूळ आडनांव मेस्त्री. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारा हा कलावंत चलच्चित्रांच्या वेडानें झपाटला आणि चुलतबंधु आनंदराव यांच्यासह स्वतःच्या हातानें कॅमेरा बनविण्याच्या खटपटीस लागला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं खटपट सोडली नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. मंडईजवळचें हें चित्रगृह आतां राहिलेलें नाहीं. परंतु पुण्यांतील जुन्या घरांतून त्याच्या आठवणी अजून निघतात. 'सैरंध्री'चें लोकमान्यांनींहि कौतुक केलें होतें. पुराणकथा आणि शिवकालीन इतिहास यांवर बाबूरावांचा जम बसलेला असतां, पांच वर्षांनीं त्यांनीं एकाएकीं मुकुट, तरवारी आणि रथ बाजूला ठेवून कॅमेरा एका झोंपडीपुढें नेला. हें धाडस किती मोठें होतें याची कल्पना आज येणें कठीण आहे.

कथा थोडक्यांत अशी: एक शेतकरी; सावकार खोट्या दस्तऐवजाच्या जोरावर त्याची जमीन गिळतो; शेतकरी देशोधडीस लागतो आणि शहरांत जाऊन गिरणींत मजूर होतो. शेतकऱ्याची भूमिका कंपनींतील एका तरुण नटानें केली. त्याचें नांव शांताराम वणकुद्रे. तेच पुढें व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्धीस आले. याच कथेच्या पुढें निघालेल्या बोलपटांतील एक प्रसंग जे. बी. एच. वाडिया यांच्या मनांत कित्येक वर्षांनंतरहि रुतून राहिला होता: अंधुक उजेडांतील एक उदास झोंपडी आणि तेथें भेसूर रडणारा कुत्रा.  परंतु १९२५ चा तो मूकपट लोकांना रुचला नाहीं. पुराणांच्या आणि पराक्रमांच्या गोडीस सोकावलेल्या प्रेक्षकास स्वतःच्याच घराण्याचें दारिद्र्य पैसे देऊन पाहावयाचें नव्हतें. बाबूराव पुन्हां पौराणिक विषयांकडे वळले. अकरा वर्षांनीं, १९३६ सालीं, त्यांनीं हीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां काढली. यावरून ती त्यांच्या मनांतून गेली नव्हती हें उघड आहे.

आतां त्या खोट्या दस्तऐवजाविषयीं थोडें बोललें पाहिजे. कारण चित्रपट आणि इतिहास यांची फारकत नेमकी येथें होते. १२ मे १८७५ हा दिवस पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवचा बाजाराचा दिवस होता. त्या दिवशीं तेथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढें हा वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील कित्येक गांवांत पसरला. नोंद घेण्यासारखी गोष्ट ही, कीं जमावाचा रोंख सावकाराच्या जिवावर नव्हता. माणसें मारल्याचे प्रकार जवळजवळ घडलेच नाहींत. जमावास हवे होते ते कागद. 'आमचीं खतें द्या' म्हणून मागावीं, मिळालीं तर चौकांत जाळावीं आणि घरीं जावें. न मिळालीं तर मात्र घराला आग. चौकशीकरितां सरकारनें नेमलेल्या मंडळानेंहि दंग्याचा मुख्य हेतु खतें हस्तगत करून नष्ट करणें हाच होता असें नमूद केलें आहे. याच्या आदल्या वर्षीं शिरूर तालुक्यांतील कर्डे या गांवानें तर सावकारावर साधा बहिष्कारच घातला होता. त्याचें शेत कोणी करीना, त्याची दाढी न्हावी करीना, पाणी कोणी भरीना. ज्यांस आम्ही अडाणी म्हणतों त्यांनीं हा सगळा विचार सुशिक्षितांस न विचारतां केला होता.

कागदावर एवढा राग कां? याचें उत्तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्यांत आहे. कर्जरोख्यावरून दावा आणण्यास तीन वर्षांची मुदत, असा तो कायदा. हेतु ऋणकोच्या हिताचा. जुनीं प्रकरणें उकरून कोणी छळूं नये हा. परिणाम नेमका उलटा झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार शेतकऱ्याला बोलावून नवें खत लिहून घेई, आणि थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी. समजा, शंभर रुपये दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें काढले. तीन वर्षांनीं खत झालें एकशें बहात्तरांचें. सहा वर्षांनीं तें होतें दोनशें शहाण्णवांच्या घरांत, नऊ वर्षांनीं पांचशें नऊ, आणि बारा वर्षांनीं आठशें पंचाहत्तर. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं व्याज मुद्दलाहून अधिक घेतां येत नसे. परंतु दर तीन वर्षांनीं व्याजच मुद्दल होऊं लागल्यावर त्या नियमाला पकडावयास उरलें काय? शेतकरी अंगठा उठवी. त्याच्या पश्चात् मुलगा अंगठा उठवी. बापाचें कर्ज फेडणें हें मुलाचें पवित्र कर्तव्य, अशी आमची समजूत होतीच. तिला आतां दिवाणी कोर्टाचा शिक्का मिळाला.

म्हणून आम्ही म्हणतों, बाबूरावांच्या सावकाराला खोट्या दस्तऐवजाची गरजच नव्हती. खरा दस्तऐवजच पुरेसा होता. चित्रपटाला एक दुष्ट माणूस लागतो, त्याचा दुष्टपणा डोळ्यांस दिसावा लागतो, म्हणून खोटी सही आली. पण सुप्याच्या बाजारांत जे कागद जळले त्यांतील बहुतेक कागद कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष असावेत. आणि भयंकर गोष्ट हीच होती. सावकार हा या कथेंतील एक पात्र मात्र आहे. त्याच्यामागें अमेरिकेंतील यादवी युद्ध आहे. तें चालू असतां कापसाचे भाव चढले, सावकारानें सढळ हातानें कर्ज दिलें, आणि १८६५ सालीं युद्ध थांबतांच भाव कोसळले. त्याच्यामागें सरकारी जमाबंदी आहे. इंदापूर तालुक्याच्या पहिल्या पाहणीची तीस वर्षांची मुदत १८६७ च्या सुमारास भरली आणि नव्या आकारणींत सारा एकदम वाढला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत सावकाराबरोबर सरकारी नोकरशाही, कोर्टकचेऱ्या आणि त्यांतील उच्चवर्णीय कारकून या सर्वांस एकाच ओळींत उभें केलें, तें उगाच नव्हे. हरिभाऊ आपट्यांनींहि 'काळ तर मोठा कठीण आला' या कथेंत दुष्काळानें उद्ध्वस्त झालेलें कुटुंब वाचकांपुढें आणलें होतें. हे सारें साहित्य बाबूरावांच्या आधींचें. चित्रपटानें त्यांतून एकच धागा उचलला. तोहि सर्वांत सोपा.

दंग्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. पुणें, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. रोख्यावरील आंकडा डोळे मिटून न मानतां त्यामागील सारा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालणें बंद झालें. सावकारानें यावरहि तोड काढली. गहाणखताऐवजीं तो सरळ खरेदीखत लिहून घेऊं लागला. 'पैसे आणून दे, जमीन परत देतों' हें वचन तोंडीं. वचन तोंडींच राही. सुप्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, ज्याच्या बापानें खत जाळलें होतें, तो अशा रीतीनें स्वतःच्या शेतांत कूळ म्हणून राबूं लागला. बाप, मुलगा आणि नातू यांचा चित्रपट काढणाऱ्यास याहून अधिक काय हवें?

'सावकारी पाश'ची खरी उणीव ही कीं तो गिरणीच्या दारांत थांबतो. शेतकरी मजूर झाला आणि कथा संपली. पण खरी कथा तेथें अर्धीच झालेली असते. त्या गिरणींत त्याचा मुलगा लागतो; चाळींत दहा बाय बाराच्या खोलींत संसार थाटतो; गणपतीला, शिमग्याला, लग्नाकार्याला गांवीं जातो; गांवच्या घराचा तुटका वासा बदलण्याकरितां पगारांतून पैसे पाठवितो. त्या मुलाच्या मुलानें जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेला, सुमारें अडीच लाख कामगारांचा, मुंबईंतील गिरण्यांचा संप पाहिला. त्यानंतर गिरण्याच राहिल्या नाहींत. इकडे गांवांत राहिलेल्या भावाच्या वंशाला कूळकायद्यानें, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनीं, पणजोबाची जमीन कदाचित् परतहि मिळाली असेल. जो गेला तो भूमिहीन आणि जो राहिला तो मालक, असा हा उलटा न्याय! दोन्ही शाखा एका लग्नांत भेटतात तेव्हां त्यांचें काय बोलणें होतें, हें दाखविणारा दिग्दर्शक आम्हांला पाहिजे आहे.

आतां दुसऱ्या अर्ध्याकडे वळूं. बाबूरावांच्या कंपनींतून शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ सालीं त्यांनीं कोल्हापुरांत 'प्रभात' काढली. १९३३ सालीं ती पुण्यास आली. तेथें १९४१ सालीं शांतारामांनीं 'शेजारी' हा चित्रपट पूर्ण केला. कथा विश्राम बेडेकरांची. एका खेड्यांत दोन वृद्ध शेजारी, एक हिंदु आणि एक मुसलमान. बुद्धिबळाचा पट आणि आयुष्य दोन्ही वाटून घेतलेले. गांवाजवळ धरण बांधावयाचें असतें, त्याकरितां जमिनी हव्या असतात, आणि जमिनी सहजासहजीं मिळत नाहींत म्हणून धनिकाकडून या दोन घरांत फूट पाडली जाते. शेवटीं धरण फुटतें आणि तुटलेले मित्र त्या लोंढ्यांत एकमेकांच्या हातांत हात घालून मरतात. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांच्या त्यांतील भूमिका पुण्यांतील जुनी मंडळी अजून वाखाणतात. 'पडोसी' या हिंदी आवृत्तींत तर मजहर खान यांनीं हिंदूची आणि जागीरदारांनीं मुसलमानाची भूमिका केली. मार्च १९४० च्या लाहोर येथील ठरावानंतरच्या दिवसांत ही अदलाबदल नुसती हौस नव्हती.

एक खेडें, दोन घरें, एक धरण: 'सिबिरियाद'चा सांगाडाच जणूं अडतीस वर्षें आधीं लॉ कॉलेजजवळच्या त्या आवारांत उभा राहिला होता. शांतारामांचें लक्ष हिंदु-मुसलमानांच्या मैत्रीवर होतें, तें योग्यच होतें. पण धरण त्यांनीं कपोलकल्पित घेतलें, आणि तें तोडून कथा मिटविली, याची आम्हांस रुखरुख वाटते. कारण खरें धरण स्टुडिओपासून फार दूर नव्हतें. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी खोऱ्यांत, मुंबईस वीज पुरविण्याकरितां टाटा कंपनीनें धरण घालण्यास आरंभ केला आणि मावळांतील सुमारें बावन्न गांवांवर पाणी येणार असें ठरलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळे सत्याग्रहास बसले. विनायकराव भुस्कुटे, सेनापति बापट यांचीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. जमीन तर गेलीच. आंबेमोहोराचीं तीं भातखाचरें, देवळें, वाडवडिलांच्या समाधि, सारें पाण्याखालीं गेलें.

आणि येथें सावकार पुन्हां भेटतो. मावळांतील बऱ्याच जमिनी तोंपर्यंत पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मावळा त्या कसत असे तो कूळ म्हणून. कंपनीकडून मोबदला मिळणार म्हटल्यावर या मंडळींचा सत्याग्रहांतील उत्साह ओसरला, हा प्रकार राजेंद्र व्होरा यांनीं मुळशीवरील आपल्या अभ्यासग्रंथांत तपशीलवार मांडला आहे. तेव्हां सुप्याचा कागद आणि मुळशीचें पाणी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत. कागदानें जमीन शेतकऱ्याच्या नांवावरून काढली, म्हणूनच पाणी तिच्यावर येतांना त्याला विचारण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. 'सावकारी पाश' आणि 'शेजारी' हे एकाच चित्रपटाचे दोन भाग आहेत असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें. पहिल्यांतील तरुण शेतकरी आणि दुसऱ्याचा दिग्दर्शक हा एकच मनुष्य असावा, हा योगायोगहि लक्षांत घेण्यासारखा आहे. त्या मनुष्याला ही जोडणी सुचली नाहीं याबद्दल त्यास दोष देण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हां पुणेकरांस तरी ती कोठें सुचली होती? मुळशीचा मोबदला ज्या घरांतून आला, त्यांतील कित्येक घरें 'शेजारी' पाहून डोळे पुसत बाहेर पडलीं असतील.

रशियन दिग्दर्शकाचें एक कौशल्य मात्र निर्विवाद आहे. दोन पिढ्यांच्या मध्यें तो खरीं, त्या त्या काळांत टिपलेलीं चलच्चित्रें झपाट्यानें दाखवितो: मोर्चे, यंत्रें, युद्धाच्या फौजा. त्यामुळें खेड्यांतील संथ काळ आणि बाहेरचा धांवता काळ एकमेकांवर आपटतात. हें त्याला साधलें, कारण त्याच्या देशांत तीं चित्रें जपलेलीं होतीं. आपल्याकडे भारतांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. आज त्यांतील पूर्ण व अपूर्ण मिळून दोन-अडीच डझनांपलीकडे फारसे हातीं लागत नाहींत. त्या वेळच्या फिती नायट्रेटच्या. दारूसारख्या पेट घेणाऱ्या. ज्या पेटल्या नाहींत त्या विरघळल्या, आणि ज्या विरघळल्या नाहींत त्या कित्येकदां त्यांतील चांदीकरितां विकल्या गेल्या. १९२५ चा 'सावकारी पाश' असाच नाहींसा झाला आहे. तो पाहिलेल्यांच्या आठवणी आणि कांहीं छायाचित्रें, एवढीच त्याची आज मिळकत.

प्रभातच्या जागेंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आली. १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यांतच स्थापन झालें आणि पी. के. नायर यांनीं तें जिद्दीनें उभें केलें. अडगळींतून, भंगारवाल्यांकडून, निर्मात्यांच्या वारसांच्या माळ्यांवरून त्यांनीं रिळें गोळा केलीं. जानेवारी २००३ मध्यें त्या जुन्या प्रभातच्या आवारांतील नायट्रेट फितींच्या कोठड्यांस आग लागली आणि सहाशेंहून अधिक चित्रपटांचीं रिळें गेलीं. पुष्कळांच्या नकला दुसरीकडे होत्या म्हणून थोडक्यांत निभावलें. २०२२ सालीं हें संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आलें.

तेव्हां कोणी होतकरू दिग्दर्शक चार पिढ्यांचा मराठी चित्रपट काढण्याचें मनांत आणील, तर त्याला बाबूरावांची झोंपडी पाहावयास मिळणार नाहीं. 'शेजारी' मात्र उपलब्ध आहे. त्याशिवाय दंग्यांच्या चौकशीचा छापील अहवाल आहे, आणि त्यांत शेतकऱ्यांच्या व सावकारांच्या जबान्या आहेत. सुपें आहे, तें आज बारामती तालुक्यांत मोडतें. आणि मुळशीचें धरण आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी फार खालीं गेलें म्हणजे जुन्या गांवांचे चौथरे आणि पडक्या देवळांचे दगड कोठें कोठें वर येतात, आणि वरच्या अंगाला वसलेल्या वाड्यांतील म्हातारीं माणसें, हें अमक्याचें घर, ही तमक्याची विहीर, असें बोटानें दाखवितात.